हिरवा तवंग

संपतमामाच्या छातीत एक धातूची झडप आहे. घर शांत असलं, पंखा बंद असला, की ती ऐकू येते: बारीक, कोरडी टिकटिक, उशीखाली मनगटी घड्याळ ठेवल्यासारखी. मामी म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे ह्यांच्या मनात काय चाललंय ते कळायला लागलं. मामा चिडला की टिकटिक वाढते.

झडपेमुळे मामाला रोज रात्री वॉरफरिनची गोळी घ्यावी लागते. शरीरात धातू असला की रक्त त्याच्यावर गोठायला बघतं, आणि तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. गोळी रक्ताला उशिरा गोठायला लावते. पण फारच उशिरा गोठलं तरी पंचाईत, कारण मग एखादा रक्तस्राव थांबतच नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून आयएनआर नावाचा एक आकडा काढतात. मामाचा आकडा अडीच आणि साडेतीनच्या मध्ये हवा होता. अडीचच्या खाली गुठळीची भीती, साडेतीनच्या वर रक्तस्रावाची.

तो मध्ये राहत नव्हता. मागच्या हिवाळ्यात घसरला, म्हणून डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. उन्हाळ्यात इतका चढला की मामाच्या नाकातून रक्त वाहायला लागलं आणि मामीचे तीन टॉवेल भिजले, तेव्हा मात्रा उतरवली. आता हिवाळा आला आणि आकडा परत घसरला. यावेळी चहा पिताना मामाच्या हातातून कपच सुटला. डाव्या हाताची बोटं काही मिनिटं त्याचं ऐकेनात. मग ती परत हलायला लागली, पण घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

"आप्पा, बास झालं आता," विश्वजीत म्हणाला. विश्वजीत माझा मामेभाऊ. हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि घरातल्या भांडणाचीही मीटिंग घेतो. "तुम्ही पहाटे उठून मार्केटला पळता, कधी खाता, कधी गोळी घेता, कशालाच ट्रॅक नाही. घरी बसा. गाळा देऊ कुणालातरी चालवायला."

"गोळी म्या रोज घेतो."

"मग रिपोर्ट खोटं बोलतो का?"

"त्यालाच इचार की. मला काय इचारतो?"

मामाचा मार्केट यार्डात पालेभाज्यांचा गाळा आहे. तो अडत्या आहे: शेतकरी माल आणतात, मामा तो विकून देतो. आंबेगावच्या त्याच्या शेतात आता सोसायट्या उभ्या आहेत, त्यामुळे गाळ्यावर घर चालतं असं नाही. पण बाजाराला शिव्या घालता घालताच मामी एकदा म्हणून गेली होती, "बाजार सुटला तर हा मानूस दुपारपर्यंत म्हातारा हुईल."

त्या दिवशी वाद वाढत गेला. मामाची टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायला लागली, आणि शेवटी तो उठून उभा राहिला. "पुढचा रिपोर्ट बिघडला तर गाळा सोडतो. जेजुरीच्या भंडाऱ्याची आन. झालं समाधान?"

विश्वजीतचं झालं. पुढचा रिपोर्ट महिन्यावर होता.

आमचं घर कर्वेनगरला. माझं बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालं होतं, नोकरी लागली होती, पण रुजू व्हायला अवकाश होता. मी बॅग भरून आंबेगावला मामाकडे राहायला गेले. काळजी होतीच. पण त्या आकड्याने मला सोडलं नव्हतं, हेही तितकंच खरं. माणूस तोच, गोळी तीच. मग हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात वर का?

पहिला संशय गोळीवर घेतला, कारण सगळ्यांचा तोच होता. तो दोन रात्रींत फिटला. मामी गोळी मामाच्या तळहातावर ठेवायची, तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची आणि मग म्हणायची, "आ करा." मामा आ करायचा. वर जीभही बाहेर काढून दाखवायचा.

"बघितलं?" मामी मला म्हणाली. "तरी हा पोरगा बापाला खोटं पाडतोय."

दुसरा संशय ऋतूवर. ऊन म्हटलं की ड जीवनसत्त्व आठवतं. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, आणि ई फार झालं तर केच्या कामात अडथळा आणतं हे मी शिकले होते. तसं काही ड करतं का, यावर मी एक अख्खा दिवस वाचत बसले. हाती काही लागलं नाही. शिवाय मामा अंधारात घर सोडतो आणि छपराखाली काम करतो. त्याला डिसेंबर काय आणि मे काय, ऊन सारखंच कमी.

उरलं के जीवनसत्त्व. वॉरफरिनचं सगळं भांडण 'के'शीच आहे. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात, पण ती कामाला लागायच्या आधी त्यांच्यावर शेवटचा हात फिरवावा लागतो, आणि त्यासाठी के लागतं. वापरलेलं के यकृत पुन्हा ताजं करून घेतं. वॉरफरिन नेमकं ते ताजं करणं अडवतं. पण बाहेरून नवीन के येत राहिलं तर यकृताचं काम चालूच राहतं आणि गोळीचा जोर कमी पडतो. के सगळ्यात जास्त असतं ते हिरव्या पानांत. म्हणूनच ऑपरेशन झालं तेव्हा मामाला जो छापील कागद दिला, त्यावर लिहिलं होतं: पालेभाज्या टाळा.

मामीने तो कागद देवघराशेजारी चिकटवला होता आणि अक्षरशः पाळला होता. मेथी नाही, पालक नाही, शेपू नाही. पालेभाजीच्या अडत्याच्या घरात पोह्यांवर कोथिंबीर नव्हती.

"मामी, तेल कुठलं वापरतेस?"

"शेंगदान्याचं, घाण्यावरचं. का? तेलात बी असतंय ते?"

"सोयाबीनच्या तेलात बरंच असतं. शेंगदाण्याच्या तेलात जवळजवळ नाही."

"मंग माझं तेल सुटलं म्हन."

"सुटलं."

"आता मिठाला धर. नायतर हळदीला. म्या म्हनते, मलाच घाल की पिंजऱ्यात."

मी मीठ आणि हळद सोडून दिली आणि संध्याकाळी मामाला धरलं. "मामा, सकाळी मार्केटात काय खातोस?"

"भाकरी. भैरू हमालाच्या टोळीबरुबर."

"कशाशी?"

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मापात पाप काढलंय. "पान तोंडात घालत न्हाय म्या. तीन वर्सं झाली. भैरूला इचार जाऊन."

"उद्या येऊ का?"

"ये की. पर झोपायचं न्हाय तितं."

पालेभाजीचा बाजार उजेडाच्या आधी भरतो. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो उलटे लागत होते आणि मेथी उतरत होती. त्या आठवड्यात पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, थंडी बेताची होती. मेथीला असंच हवं असतं. ती नुसती येत राहिली. गाळ्यात मेथी, गाळ्याबाहेर मेथी, चालायच्या वाटेवर मेथी. घेणारे किरकोळ विक्रेते जुड्यांकडे न बघताच भाव पाडून मागत होते आणि मामा ओरडत होता, "अरं, मेथी मागतोय का रद्दी?" घरी कप सुटला होता तो डावा हात इथे पन्नास जुड्यांची थप्पी एका झटक्यात पुढे ढकलत होता. माझ्या मामाचा मला अनोळखी वाटावा इतका मोठा आवाज होता. त्या आवाजात झडप कुठली ऐकू यायला.

बाजार उठला तरी मेथीचा ढीग तसाच होता. टोळीचा मुकादम भैरू त्याच्यापाशी बसला आणि कोवळ्या जुड्या वेगळ्या काढायला लागला. भैरू म्हणजे पांढऱ्या मिशा, डोक्याला टॉवेल, आणि बोलताना समोरच्याकडे न बघण्याची सवय.

"ही गाईला जानार व्हती सगळी," तो मला म्हणाला. "त्याच्या आधी आमी. गाईनं राग धरू नये."

गाळ्यामागे गॅसची शेगडी होती आणि तिच्यावर एक भलंमोठं पातेलं. भैरूने त्यात तेल ओतलं. हात जरा सैल होता. लसूण, हिरव्या मिरच्या, मग चिरलेली मेथी तेलातच परतली, ती बसून एवढीशी झाली, मग पाणी आणि शेंगदाण्याचं कूट. उकळी फुटली तशी टोळीतली माणसं हातपाय धुऊन गोल बसली. मामाही त्यांच्यातच बसला, पोत्यावर मांडी घालून.

"शेठ, आधी तुमचं," भैरू म्हणाला. त्याने पळी पातेल्यात बुडवली नाही. ती आडवी धरून रश्श्याच्या वरून हलकेच फिरवली, वरवरचं तेवढं उचललं आणि मामाच्या ताटलीत सोडलं. परत फिरवली, परत सोडलं.

"हे काय देताय त्यांना?" मी विचारलं.

"वरचा कट. डाक्टरनं पान मना केलंय न्हवं शेठला? मंग पानाचं आमी घेतो, कट त्यांना. नायतर शेठ कोरडी भाकर खानार आन् आमी भाजी वरपनार, बरं दिसतंय का?"

मामाच्या ताटलीत एक पान चुकून आलं होतं. त्याने ते बोटाने उचललं, मला दाखवलं आणि ताटलीच्या कडेला ठेवलं. "बघ. म्हनलं न्हवतं?" मग भाकरीचा तुकडा मोडला आणि तवंगावरून फिरवून तोंडात टाकला.

मी ताटलीकडे बघत राहिले. शेंगदाण्याचं तेल पिवळं असतं. मामाच्या भाकरीवरचं तेल हिरवं होतं. गडद, काचेसारखं हिरवं.

ते हिरवं म्हणजे हरितद्रव्य, पानाला रंग देतं ते. हरितद्रव्याच्या रेणूला कार्बनची एक लांब शेपटी असते. ती पाण्याला जवळ करत नाही, तेलात मात्र सहज शिरते, म्हणून पान तेलात परतलं की तेल हिरवं होतं. आणि पानांतल्या केच्या रेणूला जवळजवळ तशीच शेपटी असते. आम्ही परीक्षेला दोन्ही आकृत्या काढल्या होत्या. शेपटी एकदा पाठ केली की दोन प्रश्नांचे गुण मिळायचे. जिथे एक जातं तिथे दुसरं जाणार.

"मामा, थांब. खाऊ नकोस."

"का? माशी पडली?"

"नोटा तपासायचा दिवा कुठे आहे?"

खोट्या नोटा ओळखायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा गल्ल्याजवळ असतोच. मी चहाचे तीन काचेचे ग्लास मागून घेतले. एकात डब्यातलं कोरं तेल. दुसऱ्यात पातेल्याच्या तळातून काढलेलं, पानं गाळलेलं पाणी. तिसऱ्यात मामाच्या ताटलीतला तवंग. कोपऱ्यातल्या अंधारात पोत्याच्या आडोशाला तिन्ही ठेवले आणि दिवा धरला. टोळी भाकरी हातात घेऊन भोवती जमली.

कोरं तेल किंचित निळसर दिसलं, इतकंच. पाणी गढूळच राहिलं. तवंग लाल पेटला. विस्तवासारखा, गडद लाल.

"आयला," कुणीतरी म्हणालं. "हिरव्याचं लाल झालं की!"

"म्हंजी खोटी नोट घावली म्हनायची," मामा म्हणाला, पण त्याचा घास हातातच होता.

मी सांगितलं. हा लाल उजेड हरितद्रव्याचा आहे, केचा नाही. के असं दिसत नाही. पण दोघांचा रस्ता एक आहे. पाण्यात फारसं उतरलेलं नाही, तेलात उतरलंय, आणि तेल वर येतं. एवढ्या मोठ्या पातेल्यातल्या मेथीतून जे तेलात उतरलं, ते सगळं भैरूंनी पळीने गोळा करून एका माणसाला वाढलं. नुसत्या पानातलं के पानालाच घट्ट धरून असतं, पोटात गेलं तरी पुष्कळसं तसंच बाहेर पडतं. तेलात उतरलेलं मात्र आतडं सहज उचलतं.

भैरू पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होता. "म्हंजी म्याच शेठला इख घातलं?"

"विष नाही हो. तुम्ही खाताय तेच. तुम्हाला चांगलंच आहे ते. पण त्यांच्या गोळीचं आणि त्याचं पटत नाही."

"ते बोटाचं झालं, त्याच्या आदल्या दिशीबी म्याच वाढलं व्हतं," तो म्हणाला आणि पळी पातेल्यावर आडवी ठेवून दिली.

"गप रं," मामा म्हणाला. "मानानं वाढलं. मलाबी कुटं कळलं?"

पण अजून अर्धाच हिशेब लागला होता. तवंगामुळे आकडा खाली जाईल हे खरं, मग उन्हाळ्यात तो वर कसा गेला? मी भैरूला विचारलं, "पातेलं बारा महिने चढतं का?"

"छ्या. भाव पडला की चढतं. भाव असला की न्हाय. इकला जानारा माल हमालानं शिजवायचा न्हाय, रीतच हाय हितली, शेठच्या वडलांपासनं. उनाळ्यात जुडी डोळ्याला दिसत न्हाय. तवा आमी चटनी-भाकर खातो."

तिथेच, मेथीच्या देठांवर उभ्या उभ्या, मला ते दिसलं. हिवाळ्यात भाव पडतो, पातेलं चढतं, मामाच्या पोटात के जातं, आकडा घसरतो. डॉक्टर मात्रा वाढवतात. मग उन्हाळा येतो, मेथी महागते, पातेलं उतरतं. के येणं थांबतं, पण गोळी वाढवलेलीच राहते. नाकातून रक्त येतं. मात्रा उतरवतात, आणि पुन्हा हिवाळा. ऊन नाही, थंडी नाही, विसरलेली गोळी नाही. मामाच्या रक्तात मार्केट यार्डाचा बाजारभाव उमटत होता.

मामाला हे समजावायला वेळ लागला नाही. भावाची भाषा त्याला येतेच. "म्हंजी मेथी पडली की म्या पडतो," तो म्हणाला.

मामाच्या डॉक्टर, मंदाकिनी रिसबूड, टिळक रोडला बसतात. आम्ही चौघंही गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा चष्मा पुसला आणि मग मामाकडे वळल्या.

"संपतराव, आपण माझ्यापासून भाजी लपवलीत."

"लपवली न्हाय डॉक्टर. पान खाल्लंच न्हाय."

"बरोबर. चहाची पत्ती खाल्ली नाहीत, फक्त चहा प्यायलात."

विश्वजीत पुढे सरकला. "म्हणजे सोल्यूशन सिंपल आहे ना, मॅडम? तो कट बंद करायचा. मार्केटच बंद केलं की तोही बंद."

"आपण कोण?"

"मुलगा."

"छान. तीन वर्षं सगळं बंद करून पाहिलंत ना? त्यानेच तर ही वेळ आली." त्या मामीकडे बघून बोलायला लागल्या, बहुधा प्रत्यक्षात काम तिलाच करायचं म्हणून. "ज्याच्या पोटात के जवळजवळ जातच नाही, त्याचा आकडा एका वाटीनेही कोलमडतो. आज घरी बंद केलंत, उद्या कुणाच्या लग्नात अळूचं फदफदं वाढतील. आम्ही हल्ली पालेभाजी बंद करायला सांगत नाही. सारखी ठेवायला सांगतो. रोज एक वाटी पालेभाजी, रोज सारख्याच तेलातली. वर तरंगणारं काही नाही. त्या वाटीच्या हिशेबाने गोळी मी बसवते. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं."

मामी म्हणाली, "पर कागदावर तर टाळा म्हनलंय. देवाशेजारी लावलाय म्या."

"देवाला राहू द्या. कागद काढा."

मामाने घसा खाकरला. "डॉक्टर, एकादशीला मेथी चालत न्हाय आमच्यात."

"एकादशीला गोळी घेता?"

"घेतो की."

"मग झालं. वाटी हा गोळीचाच भाग."

मामाने जरा विचार केला. गोळीला देव काही म्हणाला नव्हता, तेव्हा वाटीलाही म्हणणार नाही, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

महिन्याचा रिपोर्ट आला: दोन पॉइंट आठ. मामी त्या रात्री 'आ करा' म्हणायला विसरली. मामाने आपणहून आ केला. विश्वजीतनेही मान्य केलं, आण सुटली.

मीच मोडता घातला. "नाही सुटली."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" विश्वजीत म्हणाला.

"अजून मेथी स्वस्त आहे. वाटी रोज सहज मिळतेय. मी म्हणते ते खरं असेल तर मे महिन्यात, जुडी महागल्यावरही, आकडा हलता कामा नये. तो हलला तर माझं चुकलंय, आणि खरं कारण अजून आपल्याला माहीत नाही. मग मामाला रोज पहाटे एकटं पाठवणं बरोबर नाही."

मामा माझ्याकडे वळला. टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती. "पोरगी सरळ हाय," तो म्हणाला. "मेचा रिपोर्ट. त्यो बिघडला तर गाळा सोडला."

मग माझी नोकरी सुरू झाली आणि मी कर्वेनगरला परतले. आठवड्याचा आकडा मामी फोनवर वाचून दाखवायची, आधी पूर्णांक, मग दम घेऊन दशांश. एप्रिलपर्यंत सगळे मध्येच होते. पण एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं, मेथीची आवक आटली, आणि मी बाजारभावाच्या बातम्या वाचायला लागले. आमच्या घरात त्या आजवर कुणी वाचल्या नव्हत्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी मार्केटला गेले. मामाचं रक्त आदल्या दिवशी दिलेलं होतं, रिपोर्ट मोबाइलवर यायचा होता. विश्वजीतही आला होता, गाळ्याच्या कडेला शर्टला मेथी लागणार नाही अशा बेताने उभा. लागण्याची भीती नव्हती. मेथी होतीच कुठे? सकाळी आलेल्या थोड्या जुड्या हातोहात गेल्या होत्या. रविवारी घरगुती गिऱ्हाईकंही येतात. कॉटनची साडी नेसलेल्या एक बाई रिकाम्या गाळ्यावर नजर फिरवत थांबल्या आणि त्यांनी ओलं पोतं बोटाने उचललं. खाली एक जुडी होती, ताजी, कोवळी.

"ही द्या."

"ती इकायची न्हाय, ताई."

"मग लपवून कशाला ठेवलीत? चढ्या भावाने विकायला?"

"औषध हाय ते."

बाईंनी जुडीकडे पाहिलं, मग मामाकडे. "औषध आहे तर मेडिकलमध्ये ठेवा. इथे मेथीसारखं दिसतंय." आणि पिशवी सावरत निघून गेल्या.

विश्वजीतचा फोन वाजला. त्याने स्क्रीन बघितली, मोठी केली, परत बघितली. मी आणि भैरू त्याच्याकडे बघत होतो. मामा मुद्दाम पोतं सारखं करत होता.

"तीन," विश्वजीत म्हणाला. "तीन पॉइंट झीरो." मग पोत्याकडे बघत, "आप्पा, पाणी हवंय का त्या पोत्यावर? वाळतंय."

"आन की. नळ तितं मागं हाय."

विश्वजीत बादली घेऊन गेला. भैरूने पोत्याखालची जुडी काढली आणि निवडायला बसला. भाव असताना पातेलं चढवायचं नाही ही रीत होती, पण टोळी चटणीशी खाते आणि आपण भाजी खातो हे मामाला जमेना, म्हणून ती रीत त्याने स्वतःच मोडली होती. एका जुडीत अख्ख्या टोळीचं भागवायचं म्हणजे पाणीच फार. आधी मेथी तेलात परतायची, मामाची वाटी काढून घ्यायची, मग उरलेल्यात पाणी आणि कूट.

भैरूने वाटी भरली, काठावरची पानं पळीने आत लोटली आणि माझ्यापुढे धरली. "बघा वो ताई, मापात हाय का?"

"आहे."

"आता उलटं झालंय समदं," तो मामाला वाटी देत म्हणाला. "पान शेठला, कट आमाला." त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं. "कट तरी कसला. मेथी शोधायला बॅटरी लागंल हितं."

"नोटांचा दिवा हाय ना," मामा म्हणाला, आणि भाकरी मोडून पहिला घास पानासकट तोंडात घातला.